भूषण आणि दूषण : एका विरुद्धार्थी शब्दाचा इतिहास

प्रतापगड म्हटले की शाळकरी मुलाला जावळीचे खोरे आठवते, १६५९ साल आठवते, अफजलखान आठवतो. महाराष्ट्रात आणखी एक प्रतापगड आहे. तो गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, झाडीपट्टीच्या जंगलात आहे. त्यावर पोवाडे रचले गेले नाहीत. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात त्याला एक ओळही नाही. गोंडांचा गड म्हणून आसपासची माणसे त्याला ओळखतात. तिथे महादेव आहे, दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि चार दिवस डोंगर माणसांनी फुलून जातो. एरवी वर्षभर त्याची ओळख एका शब्दात सांगून मोकळे होतात : पडका.

या 'पडका' शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. गड पडला, की तो पाडला? मराठी व्याकरण या दोन क्रियापदांत स्वच्छ भेद करते. 'पडणे' आपोआप होते. 'पाडणे' कोणीतरी करतो. पण 'पडका' हे विशेषण आले, की हा भेद पुसला जातो. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले, हे कागदावर लिहिलेले आहे. तरीही गोंडांच्या गढ्या, तलाव आणि वस्त्या यांविषयी बोलताना आपण 'पडक्या', 'ओसाड', 'भकास' असेच शब्द वापरतो. जणू काही त्या पावसाने धुपल्या, वाऱ्याने झिजल्या आणि त्यात कोणाचा हात लागलाच नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच हरवलेला हात आहे. परीक्षेत 'विरुद्धार्थी शब्द लिहा' असा एक प्रश्न असतो. भूषण याच्या विरुद्ध दूषण, सुरूप याच्या विरुद्ध कुरूप, हे आपण सर्वांनीच घोकलेले आहे. पण 'सजवणे' याच्या विरुद्ध काय? नटवणे, शृंगारणे, मढवणे, अलंकृत करणे या क्रियांच्या उलट क्रिया कोणती? इथे विद्यार्थी अडतो, आणि शिक्षकही अडतो. विद्रूप, विरूप, बेढब, ओबडधोबड, ओंगळ, गलिच्छ अशी विशेषणांची रास समोर पडते. क्रियापद मात्र चटकन सापडत नाही. सजवणाऱ्याचे नाव भाषा अभिमानाने सांगते. विद्रूप करणाऱ्याचे नाव ती विशेषणाच्या आड दडवते. हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही. आपल्या समाजाचा इतिहास या दडवादडवीत लपलेला आहे.

'अलंकार' हा शब्द मुळातून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. 'अलम्' म्हणजे पुरेसे, समर्थ. अलंकार म्हणजे पुरेसे करणे, सिद्ध करणे. दागिना हा अर्थ नंतरचा. नवरीला सजवतात ती केवळ सुंदर दिसावी म्हणून नव्हे. ती नव्या घरी जायला सिद्ध झाली, हे चारचौघांत जाहीर व्हावे म्हणून. या मूळ अर्थाच्या उलट क्रिया म्हणजे माणसाला अपुरे करणे. आपल्या बोलीत त्याला 'उणे करणे' म्हणतात. हे उणे करण्याचे काम या देशात योजनापूर्वक झाले, आणि त्याचे नियम लिहून ठेवले गेले.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे 'जुगुप्सित', म्हणजे किळस वाटेल असे. बारशाच्या दिवशी, पाळण्यातल्या पोराचा काही गुणदोष दिसण्याआधीच, त्याच्यावर किळस लादण्याची ही तरतूद आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांविषयी नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे अलंकार घालावेत. आणि राजाज्ञेने ठरलेली चिन्हे अंगावर वागवीत फिरावे. इथे 'अलंकार' हाच शब्द वापरलेला आहे, हे विशेष. स्मृतिकाराने अलंकार काढून घेतला नाही. त्याने अलंकारच उलटा केला. सोन्याच्या जागी लोखंड, शालूच्या जागी प्रेतावरचे कापड. भूषणाचे दूषण कसे करावे, याची ही कृतीच होय.

याच ठिकाणी प्रतापगडच्या यात्रेचा विचार मनात येतो. तिथे ज्या देवापुढे माणसे माथा टेकतात, त्याचे अलंकार कोणते? अंगाला राख, गळ्यात साप आणि रुंडमाळा, राहणे मसणात. मसणातली राख देवाच्या अंगावर चढली तर ती विभूती ठरते. मसणातले कापड माणसाच्या अंगावर चढले तर तो विटाळ ठरतो. वस्तू तीच, जागा तीच. फरक एवढाच की देवाने ती स्वतः निवडली असे मानले गेले, आणि माणसावर ती हुकमाने लादली गेली.

हा फरक एकदा कळला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे, पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा, आणि कोणाचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. आता घराघरांतले तान्हे मूल आठवा. आई त्याला न्हाऊमाखू घालते, नवे आंगडे घालते आणि शेवटी गालाला काजळाची तीट लावते, मनगटात काळा दोरा बांधते. मूल फार देखणे दिसू नये, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून ती आपल्याच हाताने एवढेसे व्यंग करते. त्या काळ्या ठिपक्यात माया आहे. पुण्याच्या रस्त्यावरचा काळा दोरा मात्र मायेचा नव्हता. एक दोरा मुलाला जगाच्या नजरेपासून वाचवतो. दुसरा माणसालाच इतरांच्या नजरेत धोका ठरवतो. रंगावरून दोन्ही दोरे ओळखू येत नाहीत. तो कोणी बांधला, हे विचारावे लागते.

नावांचेही तसेच आहे. कचरू, धोंडू, दगडू, भिकू, उकर्डा ही नावे आपल्या वस्त्यांत घरोघर होती. ती सगळी मनूने ठेवली असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. ज्या आईची मुले जगत नसत, ती नवे मूल मृत्यूच्या नजरेत भरू नये म्हणून त्याला मुद्दाम हलके नाव ठेवी. ही रीत सर्व जातींत होती. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. थोर गणिती छत्रे यांचे नाव केरो, म्हणजे केरच. पण कर्व्यांच्या धोंडोचे 'धोंडोपंत' झाले, छत्र्यांच्या केरोचे 'केरूनाना' झाले. महारवाड्यातल्या धोंडूचे मात्र 'धोंड्या' झाले आणि तो सत्तर वर्षांचा होऊन मेला तरी धोंड्याच राहिला. पाटलाचा दहा वर्षांचा पोरगा त्याला अरे-तुरे करी. नाव आईने ठेवले होते. त्याच्या शेवटचा 'या' गावाने जोडला होता. नाव दगडाचे असले म्हणून माणूस उणा होत नाही. हाक मारणारा त्याला उणे करतो.

गंमत अशी की हा उणा केलेला माणूसच गावाला सजवीत होता. सणाला वेशीवर तोरण बांधायचे काम मांगाचे. वरातीपुढे वाजवायचे काम मांग-महारांचे. गाव झाडून लख्ख करायचे तेही त्यांनीच. १९२८ च्या जानेवारीत इंदूर भागातल्या कनारिया, बिचोली आदी गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला जे नियम घालून दिले, ते बाबासाहेबांनी याच १९३६ च्या पुस्तकात उद्धृत केले आहेत. बलाईंनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किनारीचे धोतर नेसू नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, झोकदार घागरे-चोळ्या घालू नयेत. आणि हिंदूंच्या लग्नात मिरवणुकीपुढे वाजंत्री वाजवावी. शेवटची अट नीट वाचली पाहिजे. दुसऱ्याच्या शोभेसाठी त्याने फुंकर घालायची, स्वतःच्या अंगावर मात्र किनारीचा एक रंगीत धागाही दिसू द्यायचा नाही. ज्यांनी हे मान्य केले नाही त्यांना गाव सोडण्याचे फर्मान होते.

मराठीत या गोष्टीला प्रथम कर्ता दिला तो एका मुलीने. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. इमारतीच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, असे तिने त्यात लिहिले आहे. शेंदूर दगडाला फासला की दगडाचा देव होतो. तोच शेंदूर माणसाला पाजला की माणसाचा दगड होतो, पायातला दगड. वर उभी राहणारी हवेली जितकी नक्षीदार, तितका खालचा माणूस नाहीसा. मुक्ताबाईने 'दीन', 'हीन', 'मलिन' अशी विशेषणे जुळवीत न बसता कोणी काय केले ते सांगितले. आपल्या निबंधलेखनाची खरी परंपरा इथून मोजली पाहिजे.

मग आले महाड. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. त्यांनी स्त्रियांना सांगितले की तुमची लुगडे नेसण्याची पद्धत तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष देते. ती बदला, उंच वर्गाच्या स्त्रिया नेसतात तसे नेसा. गळ्यात भारंभार माळा आणि हातात कोपरापर्यंत कथलाचे, चांदीचे दागिने ही अस्पृश्य ओळखण्याची खूण आहे. ती टाकून द्या. आणि स्त्रियांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली.

एका हातून स्मृती जळते आणि दुसऱ्या हातून कथलाची कांकणे उतरतात, या दोन घटना वेगळ्या नाहीत. ज्या ग्रंथाने लोखंडाचे अलंकार सांगितले होते तो जाळल्यावर त्या अलंकारांचे अंगावर काम काय? दागिना काढल्याने माणूस विद्रूप होतो, असे सौंदर्यशास्त्र सांगेल. महाडच्या स्त्रियांनी दागिने काढले आणि त्या पुऱ्या झाल्या. 'अलम्'चा मूळ अर्थ त्या दिवशी तिथे सिद्ध झाला.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आपल्या झाडीपट्टीत गोंड आणि इतर समाजांच्या आयाबाया अंगभर गोंदून घेत. मेल्यावर सोनेनाणे इथेच राहते, बरोबर येते ते फक्त गोंदण, अशी त्यांची श्रद्धा. शहरी माणसाला ते हिरवे ठिपके रानटी वाटतात. मग तेही कथलाच्या कांकणांसारखे टाकून द्यायचे काय? माझे उत्तर असे की कसोटी एकच आहे. ती खूण कोणी कोणासाठी उमटवली? गोंदण हे त्या बाईने सुया सोसून आपल्या देहावर कोरलेले, चोरीला न जाणारे धन होते. डागणे आणि गोंदणे या दोन क्रियांत सुई आणि विस्तव एवढाच भेद नाही. गोंदणारी बाई स्वतः हात पुढे करते; डागल्या जाणाऱ्याचा हात दुसऱ्याने धरलेला असतो.

हीच कसोटी शब्दांच्या दागिन्यांनाही लावावी लागते. १९३३ मध्ये गांधीजींचे 'हरिजन' पत्र निघाले आणि अस्पृश्यांना एक सोनेरी नाव मिळाले. देवाची माणसे! याहून मोठे भूषण कोणते? पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हे नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेब यांनी त्यास विरोध केला, आणि तो मानला गेला नाही तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून निघून गेले. ज्याला नाव द्यायचे त्याला न विचारता दिलेले गोड नावदेखील गळ्यातले मडकेच असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून उभी राहिली. त्यानंतर विदर्भातल्या वस्त्यांत कचरूंची नातवंडे सिद्धार्थ, राहुल, सुजाता झाली. ही नावे कोणी बहाल केली नव्हती. ती निवडलेली होती.

साहित्यातही हाच झगडा झाला. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आले, 'गोलपिठा' १९७२ मध्ये, 'बलुतं' १९७८ मध्ये. प्रस्थापित समीक्षेने या लेखनाला ओबडधोबड, बटबटीत, बीभत्स असे म्हटले. बीभत्स हा तर नाट्यशास्त्रातला रस आहे आणि त्याचा स्थायिभाव आहे जुगुप्सा. शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, असे सांगणाऱ्या स्मृतीतला आणि काव्यशास्त्रातला शब्द एकच आहे! प्रेक्षागारात बसलेल्याला जुगुप्सा हा एक रस आहे; ज्याच्या नावावर ती लिहिली त्याला ते आयुष्य आहे. दलित लेखकाने कवितेवरचे उपमा-उत्प्रेक्षांचे दागिने उतरवले, त्यात अडाणीपणा नव्हता. महाडच्या बायांनी कथील उतरवले तीच ही कृती होती. उकिरडा त्याने कवितेत आणला म्हणून त्याला दूषण देणाऱ्यांनी, माणसांच्या वस्त्या उकिरड्याशेजारी कोणी वसवल्या, हे आधी विचारायला हवे होते.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. तर मग 'धिंड' हा शब्द घ्यावा. सजवण्याच्या उलट क्रियेचे पुरे रूप मराठीत कुठे असेल तर ते धिंडीत आहे. वरात आणि धिंड शेजारी ठेवून पाहा. वरातीत घोडा, धिंडीत गाढव. वरातीत फुलांचा हार, धिंडीत चपलांचा. तिथे हळद, इथे काजळी आणि चुना. तिथे फेटा, इथे भादरलेले डोके. तिथे वाजंत्री, इथे डबे आणि शिट्ट्या. एकही बाब सोडलेली नाही. धिंड काढणाऱ्याला वरात पाठ असते आणि तो ती ओळीने उलटी करीत जातो. 'विटंबना' हा शब्द संस्कृतातल्या 'विडंबन' याच्यापासून आला, आणि विडंबन म्हणजे नक्कल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. वर्तमानपत्रांनी 'पुतळ्याची विटंबना' असे लिहिले. ते शब्दशः खरे होते. जयंतीला लोक ज्या हातांनी हार घालतात, त्या हातांची ती नक्कल होती.

आणि आपल्या दाराशी खैरलांजी आहे. १९९९ पर्यंत गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता. त्या भंडाऱ्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. खटला चालला, शिक्षाही झाल्या. पण २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा गुन्हा जातीच्या द्वेषातून घडल्याचे मानले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष धरला नाही. म्हणजे पुन्हा तोच 'पडका गड'. माणसे मेली हे मान्य. मारणारे हातही मान्य. त्या हातांमागची जात मात्र निकालातून गळाली.

म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडे मी भाषेचा विद्यार्थी म्हणूनही पाहतो. बळजबरीने कपडे उतरवणे, नग्न किंवा तोंड-अंग रंगवून फिरवणे, हे त्यात गुन्हे म्हणून नोंदले गेले. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने यादी वाढवली : चपलांचा हार घालणे, डोके भादरणे, मिशा काढणे. याच दुरुस्तीने आणखी काही गोष्टी गुन्हा ठरवल्या : दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक जागी पायताण किंवा नवे कपडे घालण्यास अडवणे, त्याची वरात अडवणे, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणे. धिंड काढणे आणि वरात अडवणे हे दोन्ही एकाच कायद्यात, एकाच कलमाखाली आले. भाषेच्या कोशाला जे क्रियापद सापडत नव्हते, ते कायद्याला एकेक करून लिहावे लागले. २०१६ मध्ये नव्या कपड्यांसाठी कायदा करावा लागतो, यातच १९२८ च्या बलाईंचे नियम अजून जिवंत असल्याचा पुरावा आहे.

आता मी पुन्हा वर्गाकडे आणि प्रतापगडकडे वळतो. शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे की 'सजवणे'चा विरुद्धार्थी शब्द मुलांना जरूर विचारा. कोणी 'विद्रूप' लिहील, कोणी 'मळका' लिहील, त्याला गुण द्या. पण तिथे थांबू नका. 'कोणी केले?' हा पुढचा प्रश्न विचारा. वस्ती गलिच्छ आहे असे मूल म्हणाले, तर तिथे नळ आणि गटार कोणी पोचू दिले नाही ते विचारा. नाव हलके आहे असे म्हणाले, तर हाक कोण मारतो ते विचारा. गड पडका आहे असे म्हणाले, तर त्याला गडावर घेऊन जा आणि ते दगड दाखवा. कोणाच्या तरी हातांनी ते घडवले आणि एकावर एक रचले. ज्यांनी रचले त्यांची मुले आजही त्याच डोंगराखाली राहतात, आणि त्यांतली काही तुमच्याच वर्गात बसलेली असतील.